डांबरी काँक्रीटचा नमुना आणि सोलापूरचे रस्ते : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रस्त्यांचा इतिहास बहुधा राज्यकर्ते, व्यापार आणि लष्करी हालचाली यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. कोणता मार्ग कोणी बांधला, त्यावरून कोणता माल गेला, कोणते सैन्य उतरले, याच्या नोंदी पुष्कळ मिळतात. तो रस्ता चांगला की वाईट हे कोणी व कशाच्या आधारे ठरविले, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो. वास्तविक सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या कोणत्याही कामाच्या बाबतीत हा प्रश्न मूलभूत आहे. धरणाची भिंत डोळ्यांना दिसते, इमारतीचे खांब दिसतात. रस्त्याचा मात्र केवळ वरचा पृष्ठभाग दिसतो. खालचे थर एकदा झाकले गेले की सामान्य नागरिकाला ते पाहण्याची सोय उरत नाही.

विसाव्या शतकाने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते आकाराने फार लहान आहे. १०१.६ मिलिमीटर व्यासाची आणि ६३.५ मिलिमीटर उंचीची, सुमारे १२०० ग्रॅम खडी व डांबर यांच्या मिश्रणातून ठोकून काढलेली एक काळी वडी म्हणजे हे उत्तर होय. अभियांत्रिकीच्या परिभाषेत तिला 'मार्शल नमुना' म्हणतात. किलोमीटरच्या किलोमीटर रस्ता या वडीच्या साक्षीवर मान्य अथवा अमान्य होतो. म्हणूनच ही वडी केवळ तंत्रज्ञांच्या आस्थेची वस्तू नसून रस्त्याच्या इतिहासाचे एक साधन आहे. इतिहासाचे कोणतेही साधन जसे ते कसे निर्माण झाले हे तपासल्याशिवाय विश्वसनीय ठरत नाही, तसाच हा नमुनाही तो कसा तयार केला गेला यावरच विश्वासार्ह ठरतो, हे प्रस्तुत शोधनिबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

या अभ्यासासाठी सोलापूरची निवड सहेतुक आहे. पुणे-हैदराबाद मार्ग आणि धुळे-विजयपूर मार्ग या शहरात एकमेकांना छेदतात. पूर्वी अनुक्रमे ९, २११ व १३ या क्रमांकांनी ओळखले जाणारे राष्ट्रीय महामार्ग २०१० च्या फेरक्रमांकनानंतर ६५ व ५२ या क्रमांकांत समाविष्ट झाले. बेसाल्टचा खडक, काळी जमीन, दीर्घ व प्रखर उन्हाळा, बेभरवशाचा पाऊस आणि वारंवार पडणारे दुष्काळ या जिल्ह्याच्या वाट्याला आले आहेत. या प्रत्येक घटकाचा रस्त्याच्या घडणीशी थेट संबंध आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) रस्त्याच्या दर्जाची पारख व्यक्तीच्या अनुभवाकडून प्रयोगशाळेतील नमुन्याकडे कशी गेली, याचा मागोवा घेणे.
२) डांबरी काँक्रीटचा नमुना तयार करण्याच्या रीतीचे टप्पे व त्यांतील चुकांचे परिणाम स्पष्ट करणे.
३) सोलापूरचे हवामान व खडक यांच्या संदर्भात या रीतीचा अर्थ शोधणे.
४) सार्वजनिक उत्तरदायित्वाच्या दृष्टीने नमुन्याचे महत्त्व मांडणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. भारतीय मानके, भारतीय रस्ते काँग्रेस व केंद्रीय रस्ते मंत्रालयाची विनिर्देशपत्रे, तसेच या विषयावरील प्रकाशित साहित्य यांचा आधार घेतला आहे. एखाद्या विशिष्ट कामाच्या दर्जाविषयी निर्णय देणे हा या लेखाचा हेतू नाही.

खडीचा काळ : पारख हाताची व डोळ्यांची

डांबर येण्यापूर्वी रस्ता म्हणजे खडी असे समीकरण होते. स्कॉटिश अभियंता जॉन मॅकॅडम १८१६ मध्ये ब्रिस्टल येथील रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. एकाच लहान आकाराची, कोनदार खडी दाबून बसविली तर ती एकमेकींत अडकून घट्ट थर तयार होतो, हे त्याच्या पद्धतीचे मर्म होते. सहा औंसांपेक्षा जड दगड रस्त्यात नको, असा त्याचा दंडक होता आणि तो पाळला जातो की नाही हे तपासण्यासाठी देखरेख करणाऱ्याने तराजू जवळ बाळगावा अशी अपेक्षा होती. सहा औंस म्हणजे सुमारे १७० ग्रॅम. रस्त्याच्या साहित्याची मोजून केलेली ही एक आरंभीची कसोटी म्हणता येईल.

सोलापूर परिसरात ही पद्धत इंग्रजी अंमलातील सार्वजनिक बांधकाम खात्याबरोबर रुजली. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली, त्यानंतर गावोगावचा शेतमाल स्थानकापर्यंत आणण्यासाठी पक्क्या रस्त्यांची निकड वाढली. परंतु या जिल्ह्यातील खडीचा इतिहास केवळ वाहतुकीचा इतिहास नाही. तो दुष्काळाचाही इतिहास आहे. १८७६-७७ च्या दुष्काळापासून सरकारी मदतकार्यात खडी फोडणे हे ठरलेले काम झाले. मजुराची मजुरी त्याने फोडलेल्या खडीच्या घनफळाशी जोडली गेली. मोजमाप होते ते खडीचे नव्हे, तर मजुराच्या श्रमाचे.

हेच चित्र जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा दिसले. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर हा महाराष्ट्रातील अतिशय होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मे १९७३ च्या सुमारास राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. पाझर तलाव, नालाबांध यांच्याबरोबरच खडी फोडण्याची केंद्रे जागोजागी उघडली होती. सुकडी खाऊन दिवसभर दगड फोडणाऱ्या शेतकरी कुटुंबांची आठवण आजही या जिल्ह्यातील जुन्या पिढीत जिवंत आहे. या कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला.

दुष्काळाखेरीज एरवी खडी पुरविणारा हात मुख्यत्वे वडार समाजाचा होता. घण, सुतकी आणि पहार ही त्यांची साधने. कोणत्या थरातील दगड टणक आहे, कोणता ठिसूळ आहे, कोणत्या बाजूने घाव घातला असता तो सरळ फुटेल, हे ज्ञान पिढीजात होते. घाव घातल्यावर खणखणीत आवाज देणारा दगड चांगला, बद्द आवाजाचा दगड सांधे किंवा पोकळ्या असलेला, ही त्यांची कसोटी होती. सरकारी नोंदवहीत मात्र या ज्ञानाला जागा नव्हती. तेथे खडी फक्त ब्रासमध्ये मोजली जाई. किती खडी, याचे उत्तर दप्तरात लिहिले गेले. कशी खडी, याचे उत्तर फोडणाऱ्याच्या मनात राहिले.

डांबराचे आगमन आणि नवी अनिश्चितता

मोटारी वाढल्या तसा खडीचा रस्ता अपुरा पडू लागला. बैलगाडीचे लोखंडी चाक खडी दाबत असे. वेगाने जाणारा रबरी टायर मात्र खडीतील बारीक भर शोषून बाहेर फेकत असे. रस्त्यांच्या या दुरवस्थेचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले हेच जयकर होत. समितीच्या शिफारशींनुसार पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा अधिभार बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला. १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस स्थापन झाली. १९४३ च्या नागपूर योजनेने देशाच्या रस्त्यांचा पहिला दीर्घकालीन आराखडा मांडला. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ मध्ये आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ मध्ये सुरू झाली. थोडक्यात, एका पिढीच्या अवधीत रस्त्याला निधी, योजना आणि प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी लाभल्या.

येथे एका शब्दाची नोंद आवश्यक आहे. मराठीत 'डांबर' हा शब्द दोन भिन्न पदार्थांसाठी वापरला जातो. एक, दगडी कोळशापासून निघणारे डांबर; दुसरे, खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे बिटुमेन. १९५४-५५ मध्ये मुंबईतील तुर्भे परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाल्यानंतर दुसरा पदार्थ महाराष्ट्रात अधिक सुलभ झाला. आज रस्त्यावर जे डांबर म्हणून ओळखले जाते ते वस्तुतः बिटुमेन होय. प्रस्तुत लेखातही 'डांबर' हा शब्द याच अर्थी योजला आहे.

आरंभीच्या डांबरीकरणात खडीच्या थरावर तापविलेले डांबर झारीने ओतत आणि त्यावर बारीक खडी पसरून रोलर फिरवीत. डांबर पुरेसे तापले की नाही हे मुकादम त्याच्या पातळपणावरून आणि धुरावरून ओळखत असे. कामाची सारी भिस्त त्याच्या नजरेवर होती. अनुभवी मुकादमाची नजर सहसा चुकत नसे, हे खरे. परंतु ती नजर दुसऱ्याला दाखविता येत नव्हती, लिहून ठेवता येत नव्हती आणि तिच्यावर आक्षेपही घेता येत नव्हता. हॉट मिक्स प्लांटमध्ये खडी व डांबर एकत्र तापवून तयार केलेले डांबरी काँक्रीट वापरात आले, तेव्हा ही अडचण अधिक तीव्र झाली. या मिश्रणात डांबराचे प्रमाण अर्धा टक्का कमी-जास्त झाले तरी रस्त्याचे आयुष्य बदलते आणि हा अर्धा टक्का डोळ्यांना दिसत नाही.

नमुन्याचा जन्म

अदृश्य प्रमाण मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. वॉशिंग्टन शहरात डांबरी रस्त्यांची तपासणी करणारा क्लिफर्ड रिचर्डसन गरम मिश्रण कागदावर दाबून त्यावर उमटलेल्या डागावरून डांबर कमी की जास्त हे ठरवीत असे. ही कसोटी अजून डोळ्यांचीच होती, पण डाग पडलेला कागद जपून ठेवता येत होता. १९२० च्या दशकात हबार्ड व फील्ड यांनी मिश्रणाची लहान वडी दाबून तिचा प्रतिकार मोजण्याची रीत बसविली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात फ्रान्सिस ह्वीम याने स्वतंत्र पद्धत विकसित करण्यास प्रारंभ केला.

निर्णायक पाऊल १९३९ च्या सुमारास पडले. मिसिसिपी राज्याच्या महामार्ग विभागातील ब्रूस मार्शल याने साधी, सुटसुटीत आणि कोठेही नेता येतील अशी उपकरणे तयार केली. दुसऱ्या महायुद्धात विमाने जड झाली व त्यांच्या टायरांचा दाब वाढला. धावपट्ट्यांसाठी लवकर उत्तर देणारी चाचणी हवी होती. अमेरिकन सैन्याच्या अभियंता दलाने १९४३ पासून व्हिक्सबर्ग येथील प्रयोगकेंद्रात मार्शलच्या रीतीचा पाठपुरावा केला. प्रत्यक्ष वाहतुकीखाली धावपट्टी जितकी घट्ट होते, तितकाच घट्ट नमुना प्रयोगशाळेत व्हावा, यासाठी हातोड्याचे वजन, त्याची उंची आणि ठोक्यांची संख्या निश्चित करण्यात आली. प्रत्येक बाजूस ५० ठोके ही संख्या अशा तुलनेतून आली. जड वाहतुकीसाठी ती पुढे ७५ झाली. म्हणजेच ठोक्यांचा आकडा मनाने ठरविलेला नाही. वर्षानुवर्षांची वाहतूक काही मिनिटांत आणण्याचा तो प्रयत्न आहे.

भारतात हे ज्ञान मानकांच्या रूपाने आले. रस्त्याच्या डांबराचे भारतीय मानक १९५० मध्ये निघाले. १९६८ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेसने डांबरी काँक्रीटच्या थरासाठी तात्पुरते विनिर्देश प्रसिद्ध केले व १९८८ मध्ये ते सुधारले. सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन १९५६ मध्ये आणि वालचंद तंत्रज्ञान संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. स्थापत्य अभियांत्रिकीच्या शिक्षणाबरोबर चाळण्या, साचे आणि हातोडा ही साधने अशा संस्थांतून विद्यार्थ्यांच्या हाती आली. ज्या जिल्ह्यात खडी फोडणे हे दुष्काळातील पोट भरण्याचे साधन होते, त्याच जिल्ह्यात खडी चाळून तिचे वक्र आलेख काढणे हा अभ्यासक्रमाचा भाग झाला.

नमुना तयार करण्याची रीत

ही रीत वरवर पाहता यांत्रिक वाटते. प्रत्यक्षात तिच्या प्रत्येक टप्प्यावर निवड आहे, आणि जेथे निवड आहे तेथे चुकीला व अप्रामाणिकपणालाही वाव आहे.

पहिला टप्पा खडी घेण्याचा. खडीच्या ढिगात मोठे दगड घरंगळत पायथ्याशी जातात आणि बारीक कच मध्यावर व माथ्यावर राहते. सोयीच्या एकाच बाजूने घमेले भरले तर ते ढिगाचे प्रतिनिधित्व करीत नाही. म्हणून ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून खडी घेऊन, ती मिसळून, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे व दोन टाकून द्यायचे, असे पुनःपुन्हा करीत हव्या त्या वजनापर्यंत यावे लागते. त्यानंतर खडी वाळवून चाळण्यांतून वेगळी केली जाते आणि विनिर्देशातील मर्यादांत बसेल असे मोठी खडी, बारीक खडी, कच व भुकटी यांचे प्रमाण ठरते. खडीला चिकटलेली धूळ धुतली नाही तर ती भुकटीचे प्रमाण गुपचूप वाढविते आणि डांबराला दगडापर्यंत पोहोचू देत नाही.

दुसरा टप्पा तापविण्याचा. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबरासाठी केंद्रीय विनिर्देशांनुसार डांबर १५० ते १६५ अंश सेल्सिअस व खडी १५० ते १७० अंशांपर्यंत तापविली जाते. तत्त्व असे की, मिसळताना डांबर प्रत्येक कणावर पसरण्याइतके पातळ असावे. ते फार तापले तर त्यातील हलके अंश उडून जातात, हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते कडक बनते. अशा कडक डांबराचा नमुना चाचणीत अधिक भार घेतो. कागदावरील आकडा चांगला येतो. रस्ता मात्र ठिसूळ होतो व लवकर तडकतो. चांगला आकडा हा चांगल्या मिश्रणाचा पुरावा असतोच असे नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

तिसरा टप्पा ठोकण्याचा. तापविलेल्या साच्यात तळाशी गाळणकागद ठेवून मिश्रण भरतात. तापविलेल्या उलथन्याने कडेने १५ वेळा व मध्यभागी १० वेळा टोचून ते सारखे बसवितात, जेणेकरून कडेला पोकळी राहू नये. मग ४.५४ किलो वजनाचा हातोडा ४५७ मिलिमीटर उंचीवरून सोडला जातो. जड वाहतुकीच्या रस्त्यासाठी एका बाजूस ७५ आणि साचा उलटवून दुसऱ्या बाजूस ७५ असे १५० ठोके. डांबराचे योग्य प्रमाण शोधण्यासाठी अर्ध्या टक्क्याच्या अंतराने पाच प्रमाणे घेतात व प्रत्येकी तीन नमुने करतात. म्हणजे १५ नमुने आणि २२५० ठोके. हातोडा हाताने उचलायचा असेल तर एका मिश्रणासाठी सुमारे दहा टन वजन उचलल्यासारखे होते. मिश्रण गार होण्यापूर्वी हे संपवावे लागते.

थकलेल्या हाताने ७५ ऐवजी ६० ठोके दिले तर काय होते? नमुना सैल राहतो, त्यातील हवेच्या पोकळ्या वाढतात. पोकळ्या अपेक्षित मर्यादेत आणण्यासाठी अधिक डांबर लागते असा निष्कर्ष निघतो. त्या निष्कर्षानुसार रस्ता होतो. पुढे जड वाहनांखाली मिश्रण खरोखर दाबले गेले की अतिरिक्त डांबराला जागा उरत नाही, ते वर येते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चाकांच्या मार्गावर खोल चाकोरी पडते. प्रयोगशाळेतील पंधरा न दिलेल्या ठोक्यांची किंमत काही वर्षांनी महामार्गावर मोजावी लागते.

चौथा टप्पा विश्रांतीचा व मोजणीचा. नमुना साच्यातच थंड होऊ देतात. गरम असताना ढकलून काढला तर तो पसरतो. एक रात्र ठेवून त्याची उंची, हवेतील वजन व पाण्यातील वजन घेतात. त्यावरून घनता आणि पोकळ्या काढल्या जातात. त्यानंतर ६० अंश तापमानाच्या पाण्यात ३० ते ४० मिनिटे ठेवून तो अर्धगोलाकार जबड्यात धरतात व मिनिटाला सुमारे ५१ मिलिमीटर या वेगाने दाबतात. पाण्यातून काढल्यापासून चाचणी अर्ध्या मिनिटात संपली पाहिजे, कारण तेवढ्यात तो निवू लागतो. नमुन्याने घेतलेला सर्वाधिक भार म्हणजे स्थैर्य आणि त्या क्षणापर्यंतची त्याची दब म्हणजे प्रवाह. डांबरी काँक्रीटसाठी स्थैर्य किमान ९ किलोन्यूटन व प्रवाह २ ते ४ मिलिमीटर अपेक्षित असतो. पोकळ्या २००१ च्या विनिर्देशांत ३ ते ६ टक्के होत्या, २०१३ मध्ये ती मर्यादा ३ ते ५ टक्के करण्यात आली.

सोलापूरचे ऊन, पाणी आणि दगड

मार्शलच्या चाचणीतील ६० अंश तापमान हे उन्हाळ्यात डांबरी पृष्ठभाग जितका तापू शकतो त्याचे प्रातिनिधिक मूल्य आहे. थंड प्रदेशातील वाचकाला ते टोकाचे वाटेल. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंशांच्या वर असते व काही दिवस ४४-४५ अंशांपर्यंत जाते. अशा दुपारी काळा रस्ता ६० अंश सहज गाठतो. येथे चाचणीचे तापमान ही कल्पना नसून दरवर्षीचा अनुभव आहे.

या दृष्टीने २००६ मधील बदल महत्त्वाचा आहे. तोपर्यंत भारतात डांबराची प्रत २५ अंश तापमानास त्यात सुई किती खोल जाते यावरून ठरत असे. ६०/७०, ८०/१०० ही नावे त्यातून आली. २५ अंशांना सारखी वाटणारी दोन डांबरे ६० अंशांना अगदी भिन्न वागू शकतात. २००६ च्या सुधारित मानकाने ६० अंशांवरील घट्टपणा हा प्रतवारीचा आधार मानला. २०१३ च्या मानकात सात दिवसांच्या सरासरी कमाल तापमानावरून प्रत निवडण्याचे मार्गदर्शन आले : ३८ ते ४५ अंशांसाठी व्हीजी-३० आणि त्याहून अधिक तापमानासाठी व्हीजी-४०. सोलापूर या दोहोंच्या सीमेजवळ येते. येथील उन्हाला मानकांच्या भाषेत स्थान मिळण्यास असा दीर्घ काळ जावा लागला.

पाऊस कमी असला तरी तो रस्त्याला निरुपद्रवी नाही. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात थोड्या दिवसांत जोरदार पाऊस पडतो आणि उन्हाने तडकलेल्या भेगांतून पाणी खाली जाते. खालची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. याकरिता काही नमुने ६० अंशांच्या पाण्यात २४ तास बुडवून त्यांचे स्थैर्य मूळच्या किमान ७५ टक्के राहते की नाही हे तपासण्याची रीत रूढ झाली.

दगडाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. दख्खनचा बेसाल्ट टणक आहे व क्वार्ट्झयुक्त खडकांपेक्षा डांबराशी त्याची चिकटणही सामान्यतः बरी असते. तथापि लाव्हाच्या थरांमुळे एकाच खाणीत वर सच्छिद्र, मध्ये घट्ट व मधूनच लालसर मातकट पट्टा आढळतो. सच्छिद्र दगड डांबर शोषून घेतो. क्रशरमधून निघालेली चपटी खडी दाबाखाली मोडते. खाणीचा थर बदलला की कालचा नमुना आजच्या खडीविषयी काहीच सांगत नाही. साहित्याचा स्रोत बदलल्यास मिश्रणाची रचना नव्याने करावी, असा विनिर्देशांचा दंडक आहे. घावाच्या आवाजावरून दगड ओळखणारा वडार कारागीर नेमका हाच भेद जाणत होता. प्रयोगशाळेने त्याचे ज्ञान रद्द केले नाही. ते मोजता व लिहिता येईल अशा रूपात आणले. मात्र श्रेयाच्या नोंदीत त्याचे नाव आले नाही.

वेग, हमी आणि पुरावा

फेब्रुवारी २०२१ मध्ये सोलापूर-विजयपूर महामार्गाच्या चौपदरीकरणात २५.५४ किलोमीटर लांबीच्या एका पदरीचे डांबरीकरण १८ तासांत पूर्ण झाल्याची घोषणा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी केली. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा पदर साडेचार दिवसांहून कमी वेळात घातला गेला. यंत्रसामग्री व नियोजन यांची ही मोठी झेप होय. या वेगाच्या पार्श्वभूमीवर एक विरोधाभास लक्षात येतो. नमुना आजही एक रात्र थांबतो. त्याचे ठोके कमी करता येत नाहीत. रस्ता जितका वेगाने होणार, तितके आधी केलेल्या नमुन्यांवर अधिक अवलंबून राहावे लागते, कारण चूक लक्षात येईपर्यंत अनेक किलोमीटर पुढे गेलेले असतात.

दर्जाची खात्री देण्याचा दुसरा मार्ग हमीचा. पुण्यातील जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधला व तो त्याहून कितीतरी अधिक काळ टिकला, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु हमी ही बांधणाऱ्याच्या शब्दावर उभी असते. नमुना आणि त्याची नोंद ही तिसऱ्या व्यक्तीला तपासता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. या कायद्याने माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या केली, तीत कामाची व अभिलेखांची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे. दुष्काळी कामावरील मजुराला आपण फोडलेल्या खडीचे पुढे काय झाले हे विचारण्याची सोय नव्हती. त्याच्या नातवंडांना कायद्याने ती दिली आहे.

अर्थात नमुन्याच्या रीतीलाही इतिहास आहे व तो थांबलेला नाही. अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळातील संशोधन कार्यक्रमातून ठोकण्याऐवजी गोलाकार मळत दाबण्याची पद्धत पुढे आली. रोलर व वाहने मिश्रण मळतात, ठोकत नाहीत, हा तिच्यामागील विचार. मार्शल चाचणीचे मूळ अमेरिकन मानक १९९८ मध्ये मागे घेण्यात आले व त्याची जागा नव्या मानकांनी घेतली. भारतात २००९ व २०१३ च्या विनिर्देशांनी मार्शल पद्धतच पायाभूत मानली. साधी उपकरणे, कमी खर्च व प्रशिक्षित हात यांची उपलब्धता ही त्यामागील समजण्याजोगी कारणे आहेत.

निष्कर्ष :

१) सोलापूरच्या रस्त्यांच्या इतिहासात दर्जाची पारख तीन अवस्थांतून गेलेली दिसते : कारागिराचा अनुभव, सरकारी मोजमाप आणि प्रयोगशाळेतील नमुना. दुसऱ्या अवस्थेत परिमाण नोंदले गेले, गुण नोंदले गेले नाहीत. तिसऱ्या अवस्थेने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली.

२) नमुना हा आपोआप सत्य सांगत नाही. ढिगातून खडी घेण्यापासून पाण्यातून वडी काढण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावरील काटेकोरपणा त्याला साक्षीदार बनवितो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदपत्रांचा जो आग्रह धरला, तोच आग्रह येथेही लागू पडतो. बनावट दस्त जसा खरा इतिहास देऊ शकत नाही, तसा निष्काळजीपणे ठोकलेला नमुना खरा रस्ता देऊ शकत नाही.

३) अन्य देशात ठरलेले आकडे स्थानिक ऊन, पाणी व दगड यांच्या संदर्भात वाचले पाहिजेत. भारतीय मानकांचा २५ अंशांकडून ६० अंशांकडे झालेला प्रवास हा या जाणिवेचा पुरावा आहे.

४) चाचणीच्या नोंदवह्या हे स्थानिक इतिहासाचे साधन आहे. कोणत्या वर्षी कोणत्या खाणीची खडी आली, कोणते डांबर वापरले, नमुन्यांनी किती भार घेतला, याच्या नोंदी संबंधित कार्यालयांनी व तांत्रिक महाविद्यालयांनी काम संपल्यानंतरही जतन कराव्यात. इतिहास व स्थापत्य अभियांत्रिकी या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील एका रस्त्याचा असा अभ्यास हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना दोन्ही विषयांतील पुराव्याची शिस्त एकाच ठिकाणी शिकता येईल.

रस्ता नागरिकांच्या पैशाचा असतो आणि त्याच्या पोटात काय आहे हे त्यांना दिसत नाही. त्यांच्या वतीने पाहणारी ती १२०० ग्रॅमची वडी आहे. ती प्रामाणिकपणे घडविणे हे म्हणूनच तंत्रज्ञाचे काम जितके आहे, तितकेच ते सार्वजनिक कर्तव्य आहे.